दुकानदाराचं स्वतःचं बातमीपत्र : दहा ठिकाणच्या बातम्या एका जागी, आपल्या कामापुरत्या



या आठवड्याच्या व्हिडिओत मोबाईलच्या स्क्रीनवर जे भराभर दाखवलं, ते इथे सावकाश लिहून देतोय. व्हिडिओ पाहिला नसेल तरी अडणार नाही, धडा इथे पूर्ण आहे. फक्त मोबाईल हाताशी ठेवा, कारण नुसतं वाचून हे काम अंगवळणी पडत नाही.

विषय असा आहे. वेगवेगळ्या वर्तमानपत्रांच्या, सरकारी खात्यांच्या आणि बाजाराच्या बातम्या आपोआप एका जागी गोळा करायच्या, आणि त्यातून आपल्या धंद्याला लागतात तेवढ्याच समोर येतील अशी सोय लावायची. खर्च शून्य. पहिल्यांदा साधारण एक तास जाईल, नंतर रोज दहा मिनिटं.

"पण सर, माझ्या मोबाईलवर दिवसभर बातम्या येतच असतात की!" प्रत्येक बॅचमध्ये हे वाक्य कोणीतरी म्हणतंच. येतात, खरं आहे. पण त्या कोणाच्या सोयीने येतात, हे बघायला हवं.

सप्टेंबर २०२५ आठवा

१५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटीत मोठे बदल करणार असल्याचं सांगितलं. तिथून पुढे जवळजवळ तीन आठवडे "सूत्रांच्या माहितीनुसार" छापाच्या बातम्यांचा पाऊस पडला. काउंटरवर ग्राहक विचारायचे, "शाम्पूची मोठी बाटली आता घेऊ का थांबू?" ३ सप्टेंबरला रात्री जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीचा निर्णय जाहीर झाला आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ टक्क्यांवरून ५ वर. तूप, लोणी, फरसाण १२ वरून ५ वर. पॅकबंद पनीर ५ वरून थेट शून्यावर. ही बातमी कोणाला कळली नाही असं झालं नाही, ती इतकी मोठी होती की झोपलेल्यालाही कळली असती.

पण दुकानदाराच्या पोटाची बातमी वेगळीच होती. रॅकवर जो जुना माल आहे, ज्याच्यावर जुनी एमआरपी छापलेली आहे, त्याचं काय करायचं? त्याबद्दल ग्राहक व्यवहार खात्याने ९ सप्टेंबरला न खपलेल्या मालावर सुधारित एमआरपी लावायची मुभा दिली. १७ सप्टेंबरला दरांची अधिसूचना निघाली. आणि १८ सप्टेंबरला एमआरपीचे नियम आणखी सैल केले: जुन्या मालावर नवं स्टिकर लावणं कंपनीला सक्तीचं नाही, लावायचं असेल तर लावावं, वर्तमानपत्रात जाहिरात देण्याची अट काढली, सुधारित किमतींची यादी घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांपर्यंत पोचवणं मात्र आवश्यक.

आता सांगा, ९ आणि १८ सप्टेंबरच्या या दोन बातम्या तुमच्या ॲपने तुमच्यापुढे आणून ठेवल्या होत्या का? आणल्या असतील तर ९ ची वाचून थांबलात की १८ ची पण दिसली? कारण ज्याने ९ ची वाचली आणि १८ ची वाचली नाही, तो "स्टिकर नाही तर मी माल विकायचा कसा?" म्हणून कंपनीच्या माणसाशी भांडत बसणार, आणि काउंटरवर ग्राहक त्याच्याशी भांडणार. हे भांडण दोन मिनिटांच्या वाचनाने टळणारं होतं.

मशीन बातम्या गोळा करतं म्हणजे नेमकं काय करतं

आमच्या उदगीरच्या दुकानात अण्णा, म्हणजे माझे वडील, अजूनही सकाळी पेपर हातात लाल पेन घेऊन वाचतात. तुरीची बातमी दिसली की गोल. साखरेची दिसली की गोल. महत्त्वाचं कात्रण गल्ल्याच्या खाली. हेच काम मशीन करतं, फक्त शेकडो पेपरांवर आणि झोप न घेता. बीबीएच्या पुस्तकात याला मोठमोठी नावं असतील, माझ्या मते अण्णांचं लाल पेन समजलं की निम्मा विषय समजला.

पहिली पायरी माल उतरवण्याची. यासाठी बहुतेक बातम्यांच्या साइट एक फीड देतात, ज्याला आरएसएस म्हणतात. ही साध्या मजकुराची एक यादी असते: मथळा, दोन ओळी, तारीख, लिंक. नवी बातमी आली की यादीत वर चढते. ही पद्धत १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत सुरू झाली आणि अजून चालू आहे. तुम्ही ऐकता ते पॉडकास्टसुद्धा मागच्या बाजूने याच फीडवर चालतात. गूगलचं स्वतःचं रीडर होतं, २००५ मध्ये आलेलं, खूप लोकप्रिय. ते १ जुलै २०१३ ला बंद केलं. तेव्हा लोक म्हणाले आरएसएस संपलं. संपलं नाही, फक्त जाहिरातीत दिसेनासं झालं.

दुसरी पायरी जास्त गमतीची. एकच बातमी पीटीआयसारखी वृत्तसंस्था देते आणि वीस पेपर ती आपापल्या मथळ्याने छापतात. मशीनला कळायला हवं की या वीस बातम्या नसून एकच आहे. ते शब्द मोजतं. "सरकार", "निर्णय", "मोठा" हे शब्द सगळीकडेच असतात, त्यामुळे ते जुळले तरी त्याला किंमत कमी. "पामतेल", "सीमाशुल्क" हे क्वचित येतात, ते दोन बातम्यांत जुळले की मशीन म्हणतं, या एकाच घरच्या दिसतात. दुर्मिळ शब्दाला जास्त वजन देण्याची ही कल्पना कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी १९७२ मध्ये मांडली. आज इंटरनेटवर काहीही शोधता तेव्हा तिचा कुठेतरी हात असतो.

गूगल न्यूज याच विचारावर उभं राहिलं. ते बनवणारे कृष्ण भरत आयआयटी मद्रासचे. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर एकच घटना दहा साइटवर जाऊन वाचावी लागत होती, म्हणून त्यांनी सगळ्या बातम्या घटनेप्रमाणे एकत्र लावणारं मशीन केलं, आणि २००२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

तिसरी पायरी म्हणजे तुमच्यासाठी निवड. इथेच आपल्याला थांबायचंय.

ॲपची निवड आणि आपली निवड

तुम्ही दुकानात पोहे घेणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारता ना, "शेंगदाणे देऊ का?" कारण पोहे नेणारी माणसं शेंगदाणेही नेतात हा तुमचा अनुभव. ॲप तेच करतं. तुमच्यासारख्याच बातम्या उघडणाऱ्या लोकांनी आणखी काय उघडलं ते बघतं आणि तुमच्यापुढे ठेवतं. गूगलच्या इंजिनिअरांनी २००७ मध्ये याच पद्धतीवर एक पेपर प्रसिद्ध केला, त्यात निवडीचा आधार होता वाचकांच्या क्लिकचा.

क्लिक. म्हणजे रात्री दुकान बंद करून, जेवून, आडवं पडल्यावर तुमचं बोट कुठे गेलं ते. क्रिकेट, अपघात, एखाद्या नटीचं लग्न. यात वाईट काही नाही, दिवसभर उभं राहिलेल्या माणसाने करमणूक करू नये का? पण त्या बोटावरून मशीनने ठरवलं की या माणसाला हेच आवडतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, जेव्हा तुम्हाला घाऊक बाजारात फोन लावायचाय, तेव्हाही तेच समोर. "वैध मापन नियमांत सुधारणा" अशा रुक्ष मथळ्यावर तुम्ही आयुष्यात बोट लावणार नाही, पण दंड भरायची वेळ त्याच्यावरूनच येते. आपण काय उघडतो आणि आपल्याला काय लागतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपला पहिलीच दिसते.

मी ॲपच्या विरोधात नाही. डेलीहंट, इनशॉर्ट्स, गूगल न्यूज, जे आवडतं ते ठेवा. इनशॉर्ट्सची ६० शब्दांची बातमी मला स्वतःला आवडते. पण तो माल करमणुकीच्या रॅकवर ठेवा. धंद्यासाठी निवडीचे नियम आपणच लिहायचे, अण्णांच्या लाल पेनासारखे.

वीस वेळा दिसली म्हणून खरी नाही

आता तेलाचं उदाहरण घेऊ, कारण किराणावाल्याचं सगळ्यात जास्त भांडवल तिथेच अडकतं.

१३ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. गणपती बसलेले, दसरा-दिवाळी पुढे. केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, दुसऱ्या दिवसापासून लागू. काही बातम्यांत आलं, कच्च्या तेलावरचं शुल्क शून्यावरून २० टक्के. काहींत आलं, ५.५ वरून २७.५ टक्के. रिफाइंडवर कुठे ३२.५, कुठे ३५.७५. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद, कोणाचं खरं?

दोन्ही खरी. २० हे मूळ शुल्क. त्यात ५ टक्के कृषी अधिभार, झाले २५. त्या २५ वर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे अडीच. एकूण २७.५. रिफाइंडला कृषी अधिभार नाही, म्हणून ३२.५ वर सव्वातीन, बरोबर ३५.७५. हे एकदा वहीत लिहून ठेवा, दर वेळी उपयोगी पडतं. ३० मे २०२५ ला कच्च्या तेलाचं मूळ शुल्क २० वरून १० केलं, तेव्हा याच हिशेबाने एकूण १६.५ झालं, तुम्हीच करून बघा.

आता त्या सप्टेंबरमधली खरी कामाची बातमी. १७ तारखेला केंद्राच्या अन्न खात्याने तेल उद्योगाच्या संघटनांना बोलावून सांगितलं की कमी शुल्कात आलेला साठा संपेपर्यंत एमआरपी वाढवू नका, आणि असा साठा सुमारे ३० लाख टन आहे, ४५ ते ५० दिवस पुरेल इतका. समजा तुम्ही १४ तारखेच्या गडबडीत सेल्समनच्या "सर, सोमवारी डबा महाग" या वाक्यावर चाळीस डबे उधारीवर उचलायला निघालात. उचलावेत की नाही, तो निर्णय तुमचा. बाजार सल्ल्याप्रमाणे चालतोच असंही नाही, आणि भाव वाढायचे ते वाढतातच. पण हा ३० लाख टनांचा आकडा माहीत असलेला माणूस आणि माहीत नसलेला माणूस यांची सौदा करायची ताकद सारखी नसते. एक जण घाबरून घेतो, दुसरा उधारीचे दिवस वाढवून मागतो.

आणि बघा, शुल्कवाढीची बातमी तुमच्या फीडमध्ये पंधरा वेळा दिसणार, साठ्याची दोन वेळा. मशीन ज्या बातमीच्या जास्त प्रती आहेत तिला वर चढवतं. पंधरा पेपरांनी छापली म्हणजे पंधरा जणांनी तपासली असं नाही. मूळ एकच असू शकतं. म्हणून फीडमध्ये कोणतीही दराची बातमी दिसली की मी एकच गोष्ट बघतो: यात अधिसूचना किंवा खात्याचं निवेदन आहे का, का नुसतंच "सूत्रं"? सूत्रांवर ऑर्डर देत नसतात.

हल्ली एआयकडून सगळ्या बातम्यांचा सारांश करून घेता येतो. रोजच्या वाचनाला झकास. पण २० आणि २७.५ सारखे आकडे एकाच पातेल्यात पडले की ते कधी मिसळतील सांगता येत नाही. आकडा आणि तारीख मूळ पानावर जाऊन बघायची, त्याशिवाय लेबलवरचा भाव बदलायचा नाही.

चला, आता बसवू या

फीड वाचायला एक रीडर ॲप लागतं. फीडली किंवा इनोरीडर, दोन्हीचं फुकट खातं आपल्याला पुरतं. मी फीडलीवर दाखवलंय. ॲपमध्ये प्लसचं चिन्ह दाबून साइटचं नाव टाकलं की फीड असेल तर ते स्वतःच शोधून देतं. तीन फोल्डर करा आणि नावं आपल्या भाषेत ठेवा. माझी आहेत: "सरकार", "बाजार", "इतर".

"सरकार" मध्ये पहिला पीआयबी, म्हणजे पत्र सूचना कार्यालय. मंत्रिमंडळाचा निर्णय असो की अन्न खात्याची बैठक, मूळ निवेदन इथे येतं, आणि अनेक निवेदनं मराठीतही असतात. दुसरी रिझर्व्ह बँक, यूपीआय आणि कर्जाच्या व्याजासाठी. औषधवाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी आपापलं खातं जोडावं. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या सगळ्यांनी एफएसएसएआय वर नजर ठेवावी.

"बाजार" मध्ये ॲग्रोवन आणि एखादा इंग्रजी आर्थिक पेपर. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर ब्राउझरमधलं भाषांतर वापरा, पण जोडा नक्की, कारण आयात-निर्यातीचा तपशील तिथे जास्त असतो. बाजार समित्यांचे रोजचे भाव कृषी पणन मंडळाच्या साइटवर असतात. ती बातमी नसून तक्ता आहे, त्यामुळे फीडच्या नादी लागू नका, ब्राउझरमध्ये बुकमार्क करा.

"इतर" मध्ये जे काही राहिलं ते. फार भरू नका. सगळे मिळून बारा-पंधरा स्रोत झाले की थांबा. पहिल्या दिवशी साठ साइट जोडणारे तिसऱ्या दिवशी ॲप काढून टाकतात, हे मी बॅचमागून बॅच बघतोय.

ज्या साइटला फीड नाही, किंवा ज्या विषयावर कोण लिहील हे आधी माहीत नाही, त्यासाठी गूगल अलर्ट. गूगल खात्याने लॉगिन करा, शक्यतो कॉम्प्युटरवर. वरच्या चौकटीत शब्द टाका, खाली "शो ऑप्शन्स" उघडा. प्रदेश भारत करा. भाषा "एनी" ठेवा. शेवटच्या खान्यात बातमी कुठे पाठवू असं विचारतं, तिथे ईमेलऐवजी आरएसएस फीड निवडा. अलर्ट तयार झाला की शेजारी फीडचं छोटं चिन्ह येतं, त्याची लिंक कॉपी करून फीडलीत टाका. झालं. आता ईमेलची पेटी भरत नाही आणि सगळं एकाच जागी.

मराठी शब्दांची खरी अडचण

इथे घाई करू नका, कारण बाहेरच्या व्हिडिओंमध्ये हे कोणी सांगत नाही. ते सगळे इंग्रजी डोक्याने बनवलेले असतात.

इंग्रजी शब्द बातमीत जवळजवळ जसाच्या तसा राहतो. मराठी शब्द कपडे बदलतो. कांदा पाठीमागे राहतो आणि मथळ्यात येतात कांद्याचे, कांद्याला, कांद्यावर. तूर होते तुरीचे, साखर होते साखरेला, डाळ होते डाळींचे. तुम्ही अवतरणात "कांदा" टाकलंत तर "कांद्याचे भाव गडगडले" ही बातमी हातची जाऊ शकते. मशीन काही वेळा स्वतः जुळवून घेतं, पण त्यावर विसंबू नका. सगळी रूपं स्वतः द्या, मध्ये उभी रेघ टाकून. उभी रेघ म्हणजे "हे किंवा ते".

तेलासाठी माझा अलर्ट असा आहे:

खाद्यतेल | "खाद्य तेल" | खाद्यतेलाच्या | खाद्यतेलावर | पामतेल | "सोयाबीन तेल"

पहिले दोन बघा. कोणी जोडून लिहितं, कोणी तोडून. जीएसटीचंही तसंच: जीएसटी, "वस्तू व सेवा कर", "वस्तू आणि सेवा कर", तिन्ही द्या. भावाला कोणी भाव म्हणतं, कोणी दर, तेव्हा दोन्ही.

नुसतं "तेल" मात्र चुकूनही टाकू नका. कच्च्या तेलाच्या आंतरराष्ट्रीय घडामोडी येतील ते एक वेळ ठीक, पण "पोलिसांचा डोळ्यांत तेल घालून बंदोबस्त" हेही येईल! "डाळ" टाकलंत तर विरोधकांची डाळ न शिजल्याच्या बातम्या, "मीठ" टाकलंत तर शेतकऱ्यांच्या जखमेवर चोळलेलं, आणि "पोळी" टाकलीत तर कोणीतरी आपल्याच पोळीवर तूप ओढत असतो. आपली भाषा स्वयंपाकघरातून आलीय, त्याला मशीन तरी काय करणार. शिवाय लिपी एकच असल्यामुळे "तेल" म्हटलं की हिंदी बातम्याही ढिगाने येतात. म्हणून शब्द जोडीने द्या: "तूरडाळ", "डाळींचे दर", "मिठाचे दर".

नको असलेला शब्द वगळायला त्याच्या आधी वजाचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता. साखरेच्या अलर्टमध्ये कारखान्यांच्या निवडणुकांचं राजकारण फार येतं, म्हणून:

साखर | साखरेचे | साखरेच्या | साखरेला -निवडणूक -पॅनेल

इथे मोह होतो की -कारखाना पण टाकावं. टाकू नका. केंद्र सरकार दर महिन्याला कारखान्यांना साखर विक्रीचा कोटा ठरवून देतं, आणि भावाला तोच महत्त्वाचा; त्या बातमीत "कारखाना" शब्द असणारच. वगळायचा शब्द निवडताना तोट्याचा विचार आधी करा. दोन फालतू बातम्या जास्त आल्या तर बोट सरकवायचं, एक कामाची गेली तर परत येत नाही.

याच विषयांचा एक-एक अलर्ट इंग्रजी लिपीतही करा: एडिबल ऑइल इम्पोर्ट ड्युटी, तूर इम्पोर्ट, शुगर कोटा. मूळ निर्णय दिल्लीत होतात आणि इंग्रजीत आधी येतात.

कपड्यांचं दुकान असेल तर सूत, कापूस, कापसाचे, सुताचे. हार्डवेअरवाल्यांना सिमेंट, लोखंडी सळई, "सळईचे दर". मोबाईल ॲक्सेसरीजवाल्यांना बीआयएस आणि आयात. कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात कोणत्या बातमीने तुमचा नफा किंवा तोटा झाला त्या पाच आठवा. त्यातलेच शब्द अलर्टमध्ये जातात.

यात जे येत नाही

गावातली बातमी. जिल्ह्याच्या पानावरची बातमी पुष्कळदा फक्त ई-पेपरमध्ये असते, आणि ई-पेपर म्हणजे पानाचं चित्र. फीड ते वाचू शकत नाही. बाजार समितीचा बंद, हमालांचा संप, रस्त्याचं काम म्हणून तुमच्या गल्लीत महिनाभर गाडी येणार नाही, हे दिल्लीच्या शुल्कापेक्षा जास्त नुकसान करतं, आणि यातलं काही फीडमध्ये दिसेलच असं नाही. म्हणून दुकानात येणारा स्थानिक पेपर बंद करू नका. लाल पेनासकट चालू द्या.

आणखी एक. गोळा केलेल्या बातम्या स्वतः वाचणं वेगळं, आणि अख्खी बातमी उचलून आपल्या दुकानाच्या फेसबुक पेजवर किंवा ग्राहकांच्या ग्रुपवर चिकटवणं वेगळं. तो मजकूर पेपरचा आहे, त्याच्यावर त्यांचा कॉपीराइट आहे. ई-पेपरच्या पीडीएफ फिरवू नका. ग्राहकांना सांगायचं असेल तर आपल्या शब्दांत दोन ओळी आणि मूळ लिंक. "ताई, उद्यापासून तुपावरचा जीएसटी कमी होतोय, नवा माल आला की भाव कळवतो", एवढं पुरतं, आणि ते तुमच्या तोंडून आलेलं ग्राहकाला जास्त आवडतं.

वेळ ठरवून घ्या. नोटिफिकेशन बंद ठेवा. सकाळी शटर उघडल्यावर अगरबत्ती लावून, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत दहा मिनिटं, आधी "सरकार", मग "बाजार". "इतर" दुपारी. कामाची दिसली ती सेव्ह करा, बाकी सगळं "वाचलं" म्हणून एका बोटाने साफ करा. न वाचलेल्या बातम्यांचा आकडा बघून जीव घाबरा करून घ्यायचा नाही.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी अलर्टची यादी उघडा. ज्या अलर्टमधून आठवडाभरात एकही कामाची बातमी आली नाही त्याचे शब्द बदला. तीन आठवडे तसंच गेलं तर काढून टाका. सणांच्या आधी दोन हंगामी अलर्ट वाढवा: दिवाळीला रवा, मैदा, सुकामेवा, जूनला वह्या-पुस्तकं आणि छत्र्या. हंगाम संपला की पुसून टाका.

पुढच्या आठवड्यात सप्लायरच्या व्हॉट्सॲपवर येणाऱ्या रेटलिस्ट एका शीटमध्ये कशा उतरवायच्या ते बघू. तोपर्यंत तुमचे पहिले तीन अलर्ट तयार करून ठेवा, त्या शीटला तेच शब्द लागणार आहेत.